डाळ शिजते का, वहिनी?

पाण्याखालचं गवत विकून मी घर चालवलं, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे पाहतात आणि मग सहानुभूतीनं माझ्या बायकोकडे. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. आजोबा तहसिलीत, वडील जिल्हा परिषदेत, थोरला भाऊ कोषागारात. मी यवतमाळच्या घराच्या मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधली आणि काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांसाठी जिवंत पाणवनस्पती वाढवायला लागलो, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "जमिनीवरचं गवत संपलं का?" त्यावर उत्तर नव्हतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. टाकी अजून आहे, आणि उत्तर अजूनही सापडलेलं नाही.

धंदा समजायला फार अक्कल लागत नाही. मासे सगळे विकतात. त्यांच्याबरोबर प्लास्टिकची हिरवी झाडंही विकतात, ती कधी मरत नाहीत आणि म्हणून दुकानदाराला आवडतात. खरी झाडं लावली तर पाणी स्वच्छ राहतं, माशांना आडोसा मिळतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की आपल्या हॉलमध्ये तळ्याचा तुकडा आणून ठेवलाय. अडचण एवढीच, की तळ्याचं पाणी वेगळं आणि आमच्या बोअरचं वेगळं. आमच्या जिल्ह्याचं पाणी म्हणजे विरघळलेला चुना. बादलीला पांढरा थर, गिझरला थर, नळाच्या तोटीला थर. साबण लावा, फेस येणार नाही. असल्या पाण्याला जड पाणी म्हणतात, आणि ते आमच्या स्वभावातही उतरलंय असं माझे पुण्याचे मेव्हणे म्हणतात. ते इथे दोन दिवसांच्या वर राहत नाहीत, हा त्या पाण्याचा एक फायदा.

सुरुवातीला मी झाडं कलकत्त्याहून मागवायचो. खोक्यात ओल्या कागदात गुंडाळलेली, लाल, गुलाबी, बारीक पानांची, दृष्ट लागावी अशी. आमच्या टाकीत घातली की आठव्या दिवशी पानांवर पांढरी पूड, पंधराव्या दिवशी नुसते देठ. तीन खोकी अशी मेली. चौथं मागवणार होतो तेव्हा सुलभा, म्हणजे माझी बायको, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तुमची कलकत्त्याची नाजूक झाडं काय जगणार?"

ती माहेरची भंडाऱ्याकडची, तलावाच्या पाण्यावर वाढलेली. तिला जे लग्नानंतर आठवडाभरात कळलं ते मला तीन खोकी मारल्यावर कळलं. पुढे मी वाचून, विचारून, झाडं मारून मारून शास्त्र शिकलो. झाडाला पाण्यातला वायू खायला लागतो. जड पाण्यात तो मोकळा फारसा नसतो, चुन्याबरोबर बांधलेला असतो. नाजूक झाडाला तो सोडवता येत नाही, उपाशी मरतं. काही झाडं मात्र तो बांधलेला घास तोडून खातात. व्हॅलिसनेरिया नावाची एक आहे, रिबनीसारख्या लांब पातींची. तिला आमचं पाणी दिलं की ती माजते. मुळांतून पिल्लं काढत सुटते, महिन्याभरात पेटीचा ताबा घेते. मी तिला पात म्हणतो. माझं घर पातीनं चालवलं.

तेव्हापासून माझं एकच तत्त्व: पाणी बदलू नका, झाड बदला. हे मी पिशवीवर छापून घेतलं होतं. जे आपल्या पाण्यात जगतं ते लावा, जगत नाही त्याच्यामागे ऊर फोडू नका.

आणि माझी एकच परीक्षा. पाणी किती जड ते मोजायची बाटली मिळते. पाण्यात थेंब टाकत जायचे, रंग बदलला की थेंब मोजायचे. ती माझ्या पिशवीत असते, पण मी ती क्वचितच काढतो. नवं गिऱ्हाईक आलं की मी घरातल्या बाईला फोनवर विचारतो, "डाळ शिजते का, वहिनी?" पुरुषाला विचारून उपयोग नाही, त्याला ताटात आलेली डाळ तेवढी माहीत. बाई म्हणाली "नाही शिजत," तर पात. म्हणाली "शिजते, मऊ होते," तर त्या घरचं पाणी हलकं, तिथे लाल झाडं लावायला हरकत नाही. बाटली चुकेल, बाई चुकणार नाही, असं मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो. लोकांना ते फार आवडायचं. एका शाळेनं मला बोलावून मुलांपुढे हे भाषणही करायला लावलं होतं.

गिऱ्हाइकांचे मासले सांगायचे तर संपायचे नाहीत. पांढरकवड्याला हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं काउंटरवर पेटी ठेवली होती. ट्रकवाले पैसे देता देता तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पिचकारी तिकडेच टाकायचे, कुणी उरलेला भात टाकायचा. तो मला म्हणाला, "भाऊ, मास्याईचं जाऊ द्या, ते नवीन आणतो. झाड असं द्या का हे सारं पाहूनबी जिवंत राह्यलं पाह्यजे." मी पात लावून दिली. ती त्या खर्र्यावर अशी काही वाढली, की माझ्या अंगणातली कधी वाढली नाही.

यवतमाळातल्या एका सुशिक्षित घरानं पेटीत आरोचे, म्हणजे मशीनमधून गाळलेल्या पिण्याच्या पाण्याचे, कॅन ओतले. "आपण जे पीत नाही ते मुक्या जीवांना कसं पाजायचं?" असं बाईंचं म्हणणं. माझी पात त्या शुद्ध पाण्यात चार दिवसांत विरघळली. जन्मभर चुना खाऊन वाढलेलं झाड, त्याला उपास सोसेना. "शुद्ध पाण्यानं मेलं?" बाईंना ते काही केल्या पटेना. त्यांना वाटलं मी मेलेलंच दिलं होतं.

पण मला सांगायचंय ते राळेगावकडच्या रामरावजींचं.

रामरावजी सत्तरी पार केलेले, कापूस-तुरीची मोठी शेती, नुकतंच बांधलेलं घर. त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. पायांना सूज, दोन जिने चढले की धाप. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, आणि शांत बसत जा असं सांगितलं होतं. रामरावजी आयुष्यात शांत बसले नव्हते. मग कुणीतरी मुलाला सांगितलं की माशांकडे पाहत बसलं की रक्तदाब उतरतो. मुलानं हॉलच्या भिंतीत पाच फुटांची पेटी बसवली आणि मला फोन केला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, घरातल्या वहिनींना द्या.

सून फोनवर आली. वैशाली तिचं नाव. "डाळ शिजते का, वहिनी?"

ती म्हणाली, "शिजते ना काका. एकदम मऊ होते."

मला आनंदच झाला. राळेगावकडे हलकं पाणी म्हणजे नवल होतं. मी कलकत्त्याची लाल झाडं मागवली, स्वतः जाऊन लावली. रामरावजी खुर्ची टाकून समोर बसले. पाय समोरच्या स्टुलावर ठेवलेले, बोट दाबलं की खड्डा पडावा असे सुजलेले. म्हणाले, "आता हे वाढून राह्यले का मी बी बरा होतो, असं समजा."

असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते. तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. झाडं गेली. मी दुसरी नेली, पुन्हा लावली. तीही गेली. तिसऱ्या फोनला मुलगा म्हणाला, "काका, बाबा म्हणून राह्यले, झाडं गेली, आता आपला नंबर. जेवण सोडलं त्यांनी. तुम्ही या नाहीतर पेटीच काढून टाकतो." मी सकाळच्या एसटीनं निघालो.

पेटी पाहिली. काचेवर पांढरी रेघ, देठांवर पांढरी पूड. हे हलकं पाणी असूच शकत नव्हतं. मी पिशवीतून बाटली काढली. थेंब टाकत गेलो, टाकत गेलो, रंग काही बदलेना. माझ्या अंगणातल्या बोअरपेक्षा जड पाणी. मी कोड्यात पडलो, तेवढ्यात रामरावजींच्या पत्नी कमळाबाई आल्या. "आधी जेवा भाऊ, मंग पाहा. उपाशी मानसाले काही दिसत नाही."

पानात डाळ होती. कमळाबाईंनी अभिमानानं सांगितलं, की या घरची डाळ शेतातल्या विहिरीच्या पाण्यावर शिजते. घरचा बोअर फक्त वापरायला. गावात त्या विहिरीला डाळीची विहीर म्हणत. कमळाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून डोक्यावर तिथली घागर आणत, आता सून स्कूटीवर डबे भरून आणते. आणि रामरावजींची वाटी वेगळी, बिनमिठाची, ती कमळाबाई स्वतः काढतात. "मिठाचा एक खडा जाऊ देत नाही त्याईच्या पोटात," त्या म्हणाल्या. रामरावजींनी वाटी बाजूला सारली.

मी पहिला घास घेतला आणि मला कळलं. डाळीची चव साबणासारखी, रंग जास्तच पिवळा, आणि दाणा नावाला उरलेला नाही. खायचा सोडा. मी वैशालीकडे पाहिलं. तिनं पोळी वाढता वाढता माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरा घास न बोलता गिळला.

पेटी धुवायला बादली पाहिजे म्हणून मी मागच्या अंगणात गेलो, तर ती मागोमाग आली.

"काका, सांगू नका. सासूबाईले सोडा चालत नाही घरात. सुरुवातीचे दोन महिने मी त्या विहिरीचंच पाणी आणलं. नाही शिजली डाळ. सासूबाई म्हणे तुले आच देता येत नाही. मंग मी बोअरच्याच पाण्यात सोडा टाकून राह्यली."

विहिरीच्या पाण्यात शिजली नाही, यावर माझा विश्वास बसला नाही. कोण रोज एवढ्या खेपा करेल, मला वाटलं, पोरीनं कंटाळा केला आणि आता विहिरीवर ढकलतेय. कमळाबाईंच्या आयुष्यभराच्या डाळीपुढे या दोन महिन्यांची काय किंमत? मी तिला तसं बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असावा, कारण ती खाली पाहायला लागली. ते मला आजही लागतं.

"डॉक्टरांना सोड्याचं सांगितलंय का?" मी विचारलं.

"सोड्याचं कायले? मीठ बंद हाय ना. सासूबाई काढतेच त्यांची वाटी येगळी."

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं, "पण मिठातलं जे नको म्हणतात, ते सोड्यातही असतं. तुम्ही फोन करून विचारा."

तिनं तिथेच उभ्या उभ्या डॉक्टरांना फोन लावला. मी बादली घासत होतो. तिनं फोन ठेवला. "किती टाकता म्हणून विचारलं. चमचाभर म्हटलं. आजपासून बंद म्हणे. काका, मी मारून राह्यली होती का त्याईले?"

मी गवत विकणारा माणूस. म्हटलं, "नाही. पण आता डाळ कशात शिजवणार ते बघू."

कॅनच्या पाण्यात शिजली असती. पण कॅन का आणला, डाळीच्या विहिरीला काय झालं, हे कमळाबाईंना कुणी सांगायचं? त्या घरात पाण्यावरून बोलणं म्हणजे कमळाबाईंच्या सगळ्या संसारावर बोलणं. मग मी माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात केलं नव्हतं ते केलं. हॉलमध्ये गेलो आणि सगळ्यांसमोर गंभीरपणे म्हणालो, "झाडांना बोअरचं पाणी चालत नाही. रोज एक आरोचा कॅन लागेल. वहिनी घालतील, त्यांना मी शिकवलंय. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

माझ्या हातात तेव्हा माझीच पिशवी होती. पाणी बदलू नका, झाड बदला. मी ती बाजूला उलटी ठेवली.

पेटीत मी पात लावली, बोअरच्याच पाण्यात. कॅन स्वयंपाकघरात जाऊ लागला. पात अर्थातच माजली. पंधरा दिवसांत रामरावजींच्या पायाची सूज ओसरायला लागली, दोन महिन्यांत ते शेतात फिरून यायला लागले. डॉक्टर म्हणाले गोळ्या लागू पडल्या. कमळाबाई म्हणाल्या बिनमिठाची वाटी. रामरावजी म्हणाले मासे. माझं आणि वैशालीचं मत कुणी विचारलं नाही.

रामरावजींनी मात्र गावभर सांगितलं, की माझी झाडं आरोचं पाणी पिऊन वाढतात आणि माणसाला बरं करतात. पुढच्या वर्षभरात त्या भागात जिथे जिथे माझी पात गेली तिथे तिथे लोकांनी कॅन ओतले, आणि ती मेली. मी घसा कोरडा करून सांगत होतो, ओतू नका. लोक हसून म्हणायचे, "रामरावजीले सांगितलं ते आमाले काहून नाही सांगत? आमचे पैसे खोटे हायेत का?" चार पिशव्या फुकट बदलून दिल्यावर मी भांडायचं सोडलं. माझं तत्त्व माझ्याच हातानं बुडालं, आणि वाचवायला गेलो तर वैशाली बुडाली असती.

गेल्या पोळ्यानंतर पेटीतली पात विरळ करायला पुन्हा गेलो होतो. रामरावजी शेतात गेले होते. वैशाली बाजारात. कमळाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊ, या झाडाईले कॅन लागत नाही, नाही का?"

मी कात्री खाली ठेवली.

"मी रोज पाह्यते, कॅन कुठं जाते ते. सून सोडा टाकत होती हे मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं. चव वळखीची होती." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "त्या विहिरीच्या पाण्यात डाळ कधीच शिजली नाही भाऊ. माह्या सासूनं घागर आणायले लावली, मी आणत होती, अन् सोडाबी टाकत होती. सुनेले बोलली असती तं माह्यंबी निघालं असतं. मंग म्हटलं, टाकू दे."

"तुम्हाला सोड्याचं माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं ना. मीठ कमी करून राह्यली अन् सोडा चालू ठेवून राह्यली. चाळीस वर्षं मीच खाऊ घातला त्याईले. ते मले म्हणत, तुह्यासारखी डाळ कोनाले जमत नाही." त्यांचे डोळे भरले होते. "सुनेले सांगू नका मले माहीत हाय ते. तिले वाटू दे का तिनंच वाचवलं. वाचवलंच तं तिनं."

मी वैशालीबद्दल त्या दिवशी मनात जे आणलं होतं, त्याची माफी कुणाकडे मागायची ते मला कळेना. मी राहिलेली पात कापून घेतली आणि एसटी पकडली.

गाडीत माझ्या डोक्यात एकेक घर यायला लागलं. कळंबच्या वहिनी, दारव्ह्याच्या काकू, ढाणकीच्या त्या मास्तरीणबाई. सगळ्या म्हणाल्या होत्या, शिजते हो, मऊ होते. त्यातल्या किती जणींकडे झाडं मेली होती आणि मी खोक्याला, हवेला, कलकत्त्याला दोष दिला होता? परका माणूस फोनवर विचारतो की तुमच्या हातची डाळ शिजते का, तर कोणती बाई नाही म्हणेल? माझ्या परीक्षेत पाणी कधी बसलंच नव्हतं. शाळेत जाऊन भाषण केलं होतं त्याची आठवण झाली आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

घरी आलो तर सुलभानं पान मांडलं होतं. वाटीत डाळ होती. आईच्या हातची डाळ आमच्या घरात गाजलेली. वडील आणि मी वाटी चाटून पुसून संपवायचो, आणि लग्नानंतर पहिली काही वर्षं मी सुलभाला ऐकवायचो की आईसारखी नाही जमत तुला. मग तिला जमायला लागली.

"आपली डाळ कोणत्या पाण्यात शिजते गं?"

"नगरपालिकेच्या नळाच्या."

"नळ आठ-आठ दिवस येत नाही. तेव्हा?"

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, की राळेगावचं काहीतरी घेऊन आलोय. "तुमच्या आईनं मला सगळं दाखवलं होतं," ती म्हणाली, "मिठाची बरणी कुठे, हळद कुठे, आणि मागच्या फळीवरचा तो छोटा डबा कुठे. म्हणाल्या, यांना दोघांना सांगू नकोस. माझ्या डाळीचं फार कौतुक करतात."

वडिलांचं शेवटची सहा वर्षं मीठ बंद होतं. ते रक्तदाबानंच गेले. त्या सहा वर्षांत तो डबा फळीवरून खाली येत होता की नाही, हे सुलभाला नक्की माहीत असणार. जिल्हाभर परक्या बायकांना मी तोच प्रश्न विचारत हिंडलो. ती समोर बसली होती, पण मी तिला विचारलं नाही. डाळ संपवली आणि हात धुवायला उठलो.